सरपोतदारांची काच

आमचे शेजारी दिलीप सरपोतदार रोज सकाळी गुडघ्यांवर बसून काच घासतात. खिडकीची नाही, स्टोव्हची. हातात ओल्या वर्तमानपत्राचा बोळा, शेजारी वाटीत राख, डोक्याला कानटोपी. मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला लावायला बाहेर पडते तेव्हा त्यांच्या दिवाणखान्याचा पडदा उघडा असतो आणि मला त्यांची पाठ दिसते. पाठ वर-खाली, वर-खाली होते, मग थांबते. मग ते काचेला नाक लावून बघतात, समाधान न झाल्यासारखी मान हलवतात आणि पुन्हा घासायला लागतात.

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गजवळच्या एका खेड्यात त्यांचं नि आमचं जोडघर आहे. मधली भिंत सामाईक, त्यामुळे त्यांच्या काळज्या आमच्याकडे आपोआप झिरपतात. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, म्हणजे काय काय बिघडू शकेल याचा विचार करायचाच मला पगार मिळतो. तरीही सरपोतदारांपुढे मी अगदी निश्चिंत बाई वाटते.

त्यांचा स्टोव्ह स्वयंपाकाचा नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांएवढ्या कांड्या मागच्या टाकीत भरायच्या आणि बटण दाबायचं. त्या कांड्या आपोआप थोड्या थोड्या आत पडतात, जळतात आणि खोली उबदार होते. इकडे त्याला पेलेट-ओफन म्हणतात. पुढे काचेचं दार असतं, त्यातून जाळ दिसतो. निदान दिसायला हवा.

सरपोतदारांचं अख्खं आयुष्य धुरात गेलं. गाडीतून काजळी कमी कशी बाहेर पडेल हे शोधायला ते पुण्याहून इथे आले आणि इथलेच झाले. माणूस भेटला की आधी नमस्कार करायचा, हे त्यांना जमत नाही. ते आधी हुंगतात. माझ्या घरी पोळी करपली तर पलीकडून दार वाजतं. "अगं मृदुला, तवा फार तापतोय का तुझा?" गावातून फिरताना ते झाडं-फुलं बघत नाहीत, लोकांची धुरांडी बघतात. एकदा कोपऱ्यावरच्या आजीबाईंना त्यांनी थांबवून सांगितलं, की तुमच्या धुराचा रंग काही बरा नाही. आजीबाईंनी त्यानंतर त्यांना गुटन मॉर्गन म्हणणं सोडलं. यावरही सरपोतदार काळजीत. आजीबाई रागावल्या म्हणून नव्हे, धूर अजून तसाच आहे म्हणून!

आमच्या मंडळाच्या गणपतीला भाड्याच्या हॉलमध्ये आरती होते तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात आणि सरपोतदार खुर्चीवर उभे राहून छताच्या धूर-सूचकाला ताटाने वारा घालतात. घंटा वाजली तर अग्निशामक दल येईल, ही भीती. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी गणपतीचं तोंड आरतीच्या वेळी पाहिलेलं नाही. मेधाताई, म्हणजे त्यांची बायको, खालून त्यांच्या खुर्चीचा पाय धरून ठेवायच्या आणि हसत हसत आरती म्हणायच्या. मेधाताई गेल्याला आता दोन वर्षं होतील. हल्ली खुर्ची मी धरते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, सुरुवातीला जर्मन 'आल्झो', म्हणजे 'तर मग'. "आल्झो, लक्षण सोडा, कारण बोला." माझ्या लेकीला खोकला झाला तरी हेच, माझ्या नवऱ्याची ट्रेन चुकली तरी हेच. लेक आता त्यांना बघितलं की आधीच जर्मनमध्ये कारण सांगून टाकते आणि निसटते.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या स्टोव्हची काच या हिवाळ्यात काळी पडायला लागली.

आधीची चार वर्षं ती आरशासारखी होती. ऑक्टोबर संपता संपता एक दिवस ती संध्याकाळपर्यंत धुरकटली, दुसऱ्या दिवशी काळी झाली आणि मग रोजच. काजळीतल्या तज्ज्ञाच्या घरात काजळी! मला आधी गंमत वाटली. पण सरपोतदार जसे वागायला लागले त्याने गंमत पळाली. त्यांनी कांड्या बदलल्या. दाराची फट बंद करणारी, न जळणारी दोरी नवी बसवली. दारात कागदाची पट्टी अडकवून ती ओढून बघितली, सगळीकडे घट्ट. जळायची वाटी खरवडली, हवेची भोकं दाभणाने साफ केली. संध्याकाळी कामावरून आले की गाडी बंद करायच्या आधी मान वळवून खिडकीतून काचेकडे बघायचे. त्या वेळी त्यांचा चेहरा इतका ताणलेला असायचा, की मी एकदा विचारलं, "अहो दिलीपदादा, आल्झो, कारण काय?"

"बघतोय," म्हणाले आणि घरात गेले. कारण विचारल्यावर सरपोतदार गप्प बसले हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मला ते बरं लक्षण वाटलं नाही.

त्याच सुमाराला त्यांच्याकडे माई आल्या होत्या. माई म्हणजे मेधाताईंची आई, सरपोतदारांच्या सासूबाई. मेधाताई एकुलत्या एक. लेक गेल्यावर मिरजेच्या घरात माई एकट्याच होत्या, तेव्हा थंडीचे तीन महिने त्यांना इथे आणायचं सरपोतदारांनी ठरवलं. व्हिसा, विमा, लोकरी मोजे, विमानतळावरची चाकाची खुर्ची, सगळ्याची आधी तीन तीनदा काळजी करून झाली आणि माई आल्या. लहानखुऱ्या, ताठ, फार न बोलणाऱ्या. आल्या दिवशी त्यांनी इंडक्शनच्या काळ्या सपाट पाटीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "या शेगडीला जाळच नाही की हो दिलीपराव." एवढंच. मग सगळा दिवस त्या स्टोव्हसमोरच्या खुर्चीत बसून राहायच्या.

काच राखेने साफ होते हा शोध सरपोतदारांना त्यांच्या जर्मन सहकाऱ्याकडून लागला होता. त्यांनी तो माईंना मोठ्या उत्साहाने करून दाखवला. ओला कागद, त्यावर राख, हलका हात, आणि बघा! मी तिथेच होते. माई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्ही जन्मभर भांडी दुसऱ्या कशाने घासली हो? चाळून घ्या ती आधी. खडा राहिला तर ओरखडे पडतील." तेव्हापासून राख चहाच्या गाळणीने चाळली जाते.

आणि मग धुराडेवाल्याचं पत्र आलं.

जर्मनीत घरात आग असेल तर ती तपासायला शोर्नस्टाइनफेगर येतो. काळा गणवेश, सोनेरी गुंड्या. तो रस्त्यात दिसला तर शकुन समजतात. घरात आला तर मात्र लोकांना घाम फुटतो, कारण त्याला काही धोकादायक वाटलं तर तो स्टोव्ह वापरायची बंदी करू शकतो. गुरुवारी दुपारी आमच्या गावचे धुराडेवाले हेर लोहमान, म्हणजे लोहमानसाहेब, येणार होते. सरपोतदारांची झोप उडाली. मी समजूत घालायला गेले. "बंद केला तर केला. तुमच्याकडे रेडिएटर आहेत की. माईंना काही थंडी वाजणार नाही."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नाही, नाही. स्टोव्ह बंद होऊन चालणारच नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "मृदुला, एक करशील? गुरुवारी माईंना तुझ्याकडे घेऊन जा. काहीतरी शिकव म्हणून हट्ट धर. पण साडेअकराच्या आत ने. विसरू नकोस."

मला वाटलं, परक्या माणसासमोर म्हातारीला अवघडल्यासारखं होईल म्हणून असेल.

गुरुवारी मी रजा टाकली. सरपोतदारांनीही टाकली होती. मी गेले तेव्हा स्टोव्ह पेटलेला होता, जाळ छान पिवळाधमक, काच लखलखीत. लपवाछपवी नको, जळताना दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. स्वतः मात्र बाहेर पायरीवर उभे राहून धुराचा रंग बघत होते. मी माईंना म्हटलं, "चला ना माई, मला तुमच्यासारखी आमटी शिकायचीय."

"येते की," माई म्हणाल्या. "भात झालाय, एवढं उरकते आणि येते."

त्यांनी कुकर उघडला. वाफाळता भात बोटांनी चिमूटभर उचलला, त्यावर तूप सोडलं. मला वाटलं देवाला दाखवणार. त्या सरळ दिवाणखान्यात गेल्या, हाताला पदर गुंडाळून स्टोव्हचं दार उघडलं आणि तो घास आत जाळात टाकला. मग दार तसंच उघडं ठेवून हात जोडून पुटपुटत उभ्या राहिल्या. निवांत, घाई न करता, जशा मिरजेला गॅससमोर उभ्या राहत असतील तशा.

स्टोव्ह बी-बी करून ओरडायला लागला. दार उघडलं की यंत्राचा आतला पंखा थांबतो, कांड्या पडायच्या थांबतात. जाळ मलूल झाला, लाल झाला, धुरकटला. माईंनी शांतपणे दार लावलं. माझ्या डोळ्यांदेखत काच खालून वर काळी होत गेली.

मी वळले. सरपोतदार दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण आश्चर्य अजिबात नव्हतं. आणि त्यांच्या मागे, टोपी काखेत धरून, हेर लोहमान उभे होते. ठरल्यापेक्षा लवकर आले होते!

हेर लोहमान स्टोव्हपाशी वाकले, काच बघितली, नाक वर करून तुपाचा वास घेतला. "भट्टी चालू असताना हे दार कोणी उघडलं?"

माई तिथेच उभ्या होत्या, जर्मनचा गंध नसलेल्या, पाहुण्याला पाणी विचारावं का या विचारात.

"मी," सरपोतदार म्हणाले.

"का?"

"बघत होतो. आत कसं जळतं ते."

मग हेर लोहमाननी त्यांची शाळा घेतली. पेलेट म्हणजे काय, हवा कुठून येते, जाळ का गुदमरतो, काजळी कशी होते, घरात विषारी वायू कसा येऊ शकतो. ज्या माणसाने काजळीवर तीस वर्षं घालवली त्याला काजळी म्हणजे काय ते समजावून सांगत होते, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. आणि एरवी शेजाऱ्यांच्या धुराला नावं ठेवणारे सरपोतदार हात मागे बांधून मान डोलवत होते. "हो. हो, अगदी बरोबर. हे मला माहीत नव्हतं." मला हसू येईना. मला त्या क्षणी त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

बाकी सगळं ठीक निघालं. बंदी आली नाही. पण जाताना हेर लोहमाननी बोट दाखवून बजावलं, की स्टोव्ह पेटलेला असताना दार पुन्हा उघडलेलं दिसलं तर मी हा बंद करीन.

ते गेल्यावर मी सरपोतदारांना बाहेरच्या बोळात गाठलं. "म्हणजे कारण तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून." ते भिंतीला टेकले. "माई आल्या आणि जेवेनात. चहा-बिस्किटं, कधी केळं. मला वाटलं दुःखाने. तेही असेलच. पण अग्नीला घास घातल्याशिवाय त्या कधी जेवलेल्या नाहीत गं, आणि या घरात जाळ कुठे? मग एक दिवस संध्याकाळी मी आलो तर काच काळी. आत बघितलं तर भाताची करपलेली शितं. आणि कुकरमधला भात संपलेला."

"मग रोज घासायची कशाला? आणि कांड्या बदलल्या, दोरी बदलली, तो सगळा उद्योग?"

"वाटलं, काच काळी न होता जमलं तर त्यांना काही सांगावंच लागणार नाही. नाही जमलं. मग मीच त्याची सवय करून घेतली. सकाळी पुसली नाही तर त्या जेवल्या की नाही हे संध्याकाळी कसं कळणार?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "फोन केला तर त्या हो, जेवले, असंच म्हणतात. मेधासुद्धा शेवटी शेवटी असंच म्हणायची. काच खोटं सांगत नाही. गाडीतूनच काळी दिसली की मी सुटलो. आता ती स्वच्छ राहणार. मग मी कुठे बघू?"

आम्ही आत गेलो. माई खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. जेवल्या नव्हत्या.

"काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं. "माझं काही चुकलं का?"

सरपोतदार त्यांच्यासमोर खाली बसले. "नाही माई. तो म्हणाला, घास आधी ठेवायचा. आग पेटायच्या आधी, आतल्या थंड वाटीत. मग दार लावून पेटवायचं. पेटल्यावर उघडायचं नाही."

"त्यांच्यात तसं असतं?"

"तसंच असतं," सरपोतदार म्हणाले.

माईंनी विचार केला. "बरं आहे की. पण ती बटणं मला नाही जमत. सकाळी तुम्ही पेटवून जाता."

"सकाळी नाही पेटवणार. दुपारी येईन मी. कारखाना इथून जवळच आहे. पेटवीन आणि जाईन."

माईंनी जावयाकडे नीट बघितलं. डबा न नेता मशीनमधल्या कॉफीवर दिवस काढणारा, गळ्याशी शर्ट ढिला झालेला माणूस. मलाही तो ढिला शर्ट तेव्हाच दिसला.

"पेटवून जाल कसे?" त्या उठत म्हणाल्या. "मी तुमचंही पान घेते. आणि आजचं घेतेच आहे. हात धुऊन या."

सरपोतदार उठले. उभे राहताना त्यांनी त्याच स्टोव्हचा आधार घेतला, हात भाजला, आणि तो भाजलेला हात तसाच धरून ते बराच वेळ न्हाणीघरात राहिले. नळ चालू होता. माईंनी दोन ताटं मांडली आणि मला म्हणाल्या, "आमटी उद्या शिकवते हं." मी हो म्हणून दार ओढून घेतलं.