भैरोबाचा कौल आणि बाभळीचा डिंक

“भैरोबा उद्या काय बोलणार, ते मला आजच ठावं हाय!” आसाराम मुन्शीनं माळवदावर उभं राहून आपल्या एकतीस कबुतरांना छातीठोकपणे सांगितलं. कबुतरांनी नेहमीप्रमाणे माना हलवल्या. आसारामच्या बोलण्याला बिनतक्रार माना हलवणारी वडवणीत तेवढीच मंडळी होती.

तो काळ निजामी अमलाचा. कचेरीत अर्ज द्यायचा तर उर्दूत द्यावा लागे, आणि गावात उर्दू लिहिणारा आसाराम एकटा. बाजाराच्या दिवशी तो लिंबाखाली सतरंजी टाकून बसे आणि संध्याकाळपर्यंत लोकांची गाऱ्हाणी वळणदार अक्षरात उतरवून देई. एका बाजारात हप्त्याची भाकरी निघायची. उरलेले सहा दिवस कबुतरांचे! सकाळी उडवायची, दुपारी निरखायची, संध्याकाळी शीळ घालून उतरवायची. त्यात बेगम नावाची पांढरी मादी तर त्याच्या हातावरच दाणे टिपायची. इतकं सुख तालुकदार साहेबालाही नसेल, असं आसाराम म्हणे. आणि नेमकी त्या तालुकदार साहेबाचीच नजर त्याच्या सुखाला लागली.

झालं असं, की आसारामनं एका बाईच्या हरवलेल्या म्हशीबद्दल अर्ज लिहिला. तो इतका काळजाला हात घालणारा होता, की साहेबांनी तो भर कचेरीत दोनदा वाचायला लावला. म्हैस काही सापडली नाही, पण साहेबांना मुन्शी सापडला! चारच दिवसांत बीडहून चपराशी हुकूम घेऊन दारात हजर. साहेबांबरोबर दौऱ्यावर राहायचं, दरमहा निजामी हाली सिक्क्यात पस्तीस रुपये, बसायला सरकारी तट्टू, आणि येत्या सोमवारी सकाळी बीडला हजर व्हायचं.

“दौरा किती दिवसांचा?” आसारामनं घाबरत विचारलं.

“नौ महिने,” चपराशी म्हणाला.

“आन सुट्टी?”

“हौ, जुम्मे की.”

“मग जुम्म्याला घरी येता यील?”

“घर कू? जुम्मे कू साब शिकार कू जाते. मुन्शी पीछे बैठ को लिखता, कितने तीतर मारे!”

आसारामच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण दाराआड उभ्या असलेल्या अंजनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या डोळ्यांपुढे मात्र लख्ख उजेड पडला होता.

“पस्तीस!” ती म्हणाली. हा आकडा एवढा गोड आवाजात आसारामनं पहिल्यांदाच ऐकला.

अंजनाचंही खोटं नव्हतं. दहा वर्षं ती माळवदावर कुरडया घालत होती आणि दहा वर्षं कबुतरं त्या खात होती. खाऊन वर जे काही ठेवून जात, ते वेगळंच. बीडला बिऱ्हाड करावं, चारचौघींत बसावं, नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर ‘ते कबुतरवाले व्हय?’ असं ऐकावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. आसारामला हे कळत होतं. म्हणूनच तोंडावर ‘न्हाई’ म्हणायची त्याची छाती होईना.

“आपुन भैरोबाला कौल लावू,” तो शेवटी म्हणाला. “देव म्हणंल तसं!”

“चालंल की,” अंजना लगेच म्हणाली. ती एवढी लगेच कशी काय तयार झाली, याचा आसारामनं जरा विचार करायला हवा होता. पण हुशार माणसाला स्वतःच्या हुशारीपुढे दुसऱ्याची दिसत नाही.

गावाबाहेरच्या भैरोबाचा कौल साधा. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर, शेंदरावर, कण्हेरीचं एकेक ओलं फूल चिकटवायचा. मग सगळ्यांनी हात जोडून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. कापूर विझेपर्यंत एखादं तरी पडायचंच.

आसाराम त्याच संध्याकाळी धुळाजी गुरवाकडे गेला. कमरेला नवीकोरी तंबाखूची चंची आणि हातात बाभळीचा ताजा डिंक.

“धुळाजी, उजवं फूल पडाया नगं.”

धुळाजीनं चंचीचा वास घेतला, डिंक दोन बोटांत दाबून पाहिला. “मुन्शीजी, देवाचं तोंड धरल्यावानी व्हतंय हे.”

“तोंड कुटं? खांदाच धरायचाय!”

“मंग हरकत न्हाई,” धुळाजी म्हणाला. तो शब्दाचा पक्का माणूस होता. त्याच्या या पक्केपणानंच पुढे आसारामचा घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव देवळात लोटलं. पस्तीस रुपयांच्या नोकरीचा कौल गावात पहिल्यांदाच लागत होता! मधोमध अर्जुनराव पाटील गुडघ्यावर काठी ठेवून बसले. धुळाजीनं फुलं लावली, कापूर पेटवला, गाऱ्हाणं घातलं. आसारामनं डोळे मिटले ते थेट बेगमला द्यायच्या बाजरीचा विचार करत.

कापूर विझला. फुलं जिथल्या तिथं.

दुसरा कापूर विझला. पाटलांनी पान लावलं, चघळलं, संपवलं. फुलं जिथल्या तिथं! बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. उन्हं देवळाच्या पायरीवर आली. उजवं पडत नव्हतं, ते आसारामला कळत होतं. पण डाव्याला काय धाड भरली होती?

“देव इचारात पडलाय,” पाटील गंभीरपणे म्हणाले. “आजवर असं झालं न्हवतं बे!”

आसारामनं धुळाजीला देवळामागं ओढलं. “बे, डावं कावून पडंना?”

“त्ये बी चिकटवलंय.”

“आँ? कुणी सांगितलं?”

“तुमच्याच घरच्यांनी. काल दुपारीच आल्या व्हत्या. आमच्या सारजाला इरकली खण दिला, लई झ्याक हाय. म्हनल्या, डावं पडाया नगं.”

“आरं मग दोन्ही कशी चिकटवलीस?”

धुळाजीला खरोखर वाईट वाटलं. “मुन्शीजी, चंची घेतली, खण बी घेतला. आता तुमीच सांगा, कुणाला फसवू?”

तेवढ्यात अंजनाही मागं आली. नवऱ्याचा चेहरा पाहिला, गुरवाचा पाहिला, आणि तिला सगळं समजलं.

“तुमी देवाला डिंक लावलाव?” तिनं कपाळावर हात मारला.

“आन तू?”

“मी निस्तं डावं!”

“मी बी निस्तं उजवंच!”

लावलेल्या कौलाला पडेपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम. आणि देवापुढे दोनशे डोळे त्या दोन फुलांवर खिळलेले. आसारामची हुशारी पुन्हा जागी झाली. पाणी! डिंक पाण्यानं सुटतो!

तो धावत आत गेला. “पाटील, देवाला अभिषेक करू. देव थंडावला की बोलंल.”

“डोस्कं फिरलं का बे?” पाटील कडाडले. “देव इचार करतोय आन तू त्याच्या तोंडावर पानी मारतूस? तुला कुणी असं पानी मारून इचारलं तर चालंल?”

मग आसारामनं हलगीवाले बोलावले. हादऱ्यानं तरी एखादं पडेल! हलगी कडकडायला लागली, भिंतींची माती पडायला लागली, वरच्या वटवाघळांनी पळ काढला. फुलं ढिम्म! बाभळीचा डिंक तो. उलट हलगीचा आवाज ऐकून शिवारातली माणसं हातातलं काम टाकून आली. नारायणगडाच्या दर्शनाहून परतणाऱ्या बैलगाड्या वाट वाकडी करून थांबल्या. “देवानं फुलं धरून ठेवली!” ही बातमी चार दिवसांत गेवराईपर्यंत पोचली आणि तिकडून येताना ‘देवानं फुलं मुठीत धरली’ अशी होऊन आली.

फुलं वाळली, चुरगळली, पण पडली नाहीत. जसजशी ती वाळत गेली, तसतशी गर्दी वाढत गेली. कुणी लेकीच्या लग्नाचा प्रश्न आणला, कुणी विहिरीचा, कुणी सासूचा. नारळांचा ढीग लागला.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बीडला हजर व्हायचं होतं. अंजना काकुळतीला आली. “आवं, त्या फुलांचं ऱ्हाऊ द्या. तुमी गपचूप निघून जावा. पस्तीस रुपयं हायेत!” तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून आसारामला पहिल्यांदाच आपली लाज वाटली. बिचारीनं दहा वर्षांत मागितलं ते एवढंच. त्यानं धोतर-कांबळं बांधलं, बेगमच्या पाठीवरून हात फिरवला आणि खरंच निघाला! वेशीपर्यंत पोचलाही.

वेशीत पाटील उभे.

“कुटं निघालास बे? देवानं आजून सोडलं न्हाई तुला!”

“पाटील, नोकरी जाईल.”

“नोकरी जाईल, गाव ऱ्हाईल. तू गेलास आन देव कोपला तर कुणाच्या नावानं बोंबलायचं?” पाटलांच्या मागं सत्तर-ऐंशी माणसं होती. आसाराम वळला.

मंगळवारी चपराशी आला. देवळातली ती दाटी आणि देवाच्या खांद्यावरची फुलं पाहून त्यानं आधी कानाला हात लावला, मग साहेबांचा निरोप सांगितला. जागा दुसऱ्याला दिली.

अंजना मटकन खाली बसली. आसारामनं चेहरा शक्य तितका लांब केला, पण आत त्याला गुदगुल्या होत होत्या. गेली नोकरी! गेला दौरा! तो घराकडे निघाला, तो थेट माळवद चढायच्या घाईनं. तोच पाटलांनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता आमाला उलगडलं. देवानं हो बी म्हनलं न्हाई, न्हाई बी म्हनलं न्हाई. कावून? तर देवाला तूच पायजेस! हितं रोज शंभर मानसं परश्न घेऊन येत्यात. ते लिहून देवाफुडं कुणी ठिवायचे? तू देवाचा मुन्शी!”

“पगार?” आसारामच्या तोंडून निघून गेलं.

“देवाकडं पगार मागतूस?”

“मग सुट्टी?”

“देव सुट्टी घेतो का बे?”

तेव्हा मात्र आसारामचा बांध फुटला. तो देवळाच्या पायरीवर चढला आणि सगळ्या जमावासमोर ओरडला, “आरं, काय देव न् काय मुन्शी! म्या डिंक लावलाय डिंक! उजव्याला म्या, डाव्याला माझ्या बायकूनं! ह्यो धुळाजी साक्षी हाय!”

सगळ्यांनी धुळाजीकडे पाहिलं. धुळाजीनं नारळांच्या ढिगाकडे पाहिलं.

“मुन्शीजींचं मन लई मोठं हाय,” धुळाजी म्हणाला. “देवाची किरपा झाली, पर मानसाला गर्व न्हाई.”

पाटलांनी उपरण्यानं डोळे टिपले. “बघा! मोठेपना नगं म्हनून सोताला लबाड म्हनवून घेतोय! आसं मानूस शोधून गावंल का?” आणि साऱ्या देवळानं ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं!’ अशी आरोळी ठोकली. कुणीतरी आसारामच्या गळ्यात हारही घातला.

तेव्हापासून आसाराम दिवस उगवायच्या आत देवळात जाऊन बसू लागला. दिवेलागणीपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. जुम्मा नाही की अमावस्या नाही. त्याची बाजारातली सतरंजी दुसऱ्याच एकानं लिंबाखाली टाकली. अंजनानं चार दिवस कपाळाला हात लावून काढले आणि पाचव्या दिवशी देवळाबाहेर नारळ-फुलांचं दुकान मांडलं. धुळाजीचे नारळ आतल्या दारानं पुन्हा तिच्याकडे यायचे, त्यामुळे माल कधी कमी पडत नसे. महिनाअखेरीला तिनं हिशेब केला तर पस्तीसच्या वर गेलं. बीडला जायचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. नारळ दुपारपर्यंतच संपायचे. मग ती घरी जायची.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी आसारामनं पाठदुखीचं निमित्त काढलं आणि उन्हं असतानाच देवळातून सटकला. धापा टाकत जिना चढला. किती दिवसांनी! त्यानं माळवदावर पाय ठेवला आणि हाक मारली, “बेगम! आव आव आव!”

एकतीसच्या एकतीस कबुतरं फडफडाट करत आभाळात उडाली.

माळवदाच्या कोपऱ्यात अंजना बाजरीचं सूप घेऊन उभी होती. तिनं दोन बोटं तोंडात घालून अशी खणखणीत शीळ घातली, की घिरट्या घेणारा सगळा थवा तिच्याभोवती उतरला. बेगम तर सरळ तिच्या खांद्यावर जाऊन बसली. अंजनानं तिला चुचकारलं आणि नवऱ्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं.

“आवं, आसं एकदम वर येत जाऊ नगा,” ती म्हणाली. “बिनवळखीचं कुणी आलं, की बुजत्यात ती.”