बोकडाने खाल्लेली माळ

आसगावच्या तुलारामला कावीळ झाली आणि त्याच्यावर दोघांचं राज्य सुरू झालं. पवनीच्या डॉक्टरांनी आराम आणि पथ्य सांगितलं. बायकोनं, निर्मलाबाईनं, धनीराम महाराजांकडून काविळीची माळ आणून त्याच्या डोक्यावर घातली. ही काड्यांची माळ रोज थोडी वाढते. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून कमरेत येते आणि पायांतून निघाली की कावीळ गेली, असं महाराज सांगत.

"काड्या वाळल्या का गाठी सैल होतात, म्हणून वाढते ते," तुलाराम म्हणाला.

"मंग वाळू द्या. तोपर्यंत पेज खा."

तिसऱ्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, आता सगळं खा. बुधवारी नवा जावई कैलाश पहिल्यांदा जेवायला येणार होता आणि त्याच्यासाठी घरचा बोकड राखून ठेवला होता. तुलारामचा जीव त्या मटणात अडकला होता. पण माळ अजून कमरेतच होती.

मंगळवारी दुपारी तो अंगणातल्या खाटेवर झोपला. जाग आली तेव्हा माळेचं शेवटचं टोक बोकडाच्या तोंडात होतं.

निर्मलाबाई महाराजांकडे जाऊन आली. "तुमची कावीळ त्याच्या पोटात गेली म्हणतात. पाहा, डोळे पिवळे झाले त्याचे."

"बकऱ्यायचे डोळे पिवळेच असतात."

"त्याचे पहिले कसे होते? सांगा ना."

तुलारामला आठवेना. त्यानं शेजारी जाऊन शकुनबाईची बकरी पाहिली. तिचे जरा कमी पिवळे वाटले. तो गोंधळून परत आला. तोवर त्याची पेज बोकडाला दिली गेली होती.

बुधवारी सकाळी त्यानं गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बोकड तपासला. "ठणठणीत आहे. बिनधास्त कापा."

"मंग साहेब, तुमीही जेवून जा," तुलाराम म्हणाला.

डॉक्टरांनी हात धुतले, मग साबण लावून पुन्हा धुतले. "नको, आज माझा गुरुवार आहे," म्हणत त्यांनी गाडी सुरू केली.

"मामाजी, तुमी म्हणाल तसं," नुकताच येऊन पोचलेला कैलाश हळूच बोलला.

तुलारामच्या खिशात रिपोर्ट होता. त्यानं तो काढून पुन्हा वाचला. मग बोकडाकडे पाहिलं. बोकड पेज खाता खाता त्याच्याकडेच पाहून राहिला होता.

"निर्मला," तुलाराम म्हणाला, "त्याले देऊन पेज उरली काय वं थोडी?"