गायकवाडांनी पळवलेलं दूध

सदुसष्टाव्या वर्षी, म्हणजे मी अजून पोरसवदा आणि महामूर्ख असताना, डॉक्टरांनी मला रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलं. लेकाने पावलं मोजणारं घड्याळ आणून मनगटावर बांधलं. मी सोफ्यावर बसून मालिका बघायचे आणि हात पुढेमागे हलवायचे. घड्याळ बिचारं इमानाने मोजायचं. संध्याकाळी लेक फोनवर म्हणायचा, "आई, आज पाच हजार?" मीही दमल्यासारखा आवाज काढायचे.

घड्याळ फसलं, जिना फसला नाही. ठाकुर्लीतली आमची इमारत बिनलिफ्टची, मी तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर टेकावं लागायचं, तेव्हा मी खाली उतरणंच सोडलं. भाजी, औषधं, सगळं दारात यायला लागलं. लेक म्हणाला, "घर विकू, तू आमच्याकडे चल." सून चांगली आहे हो, पण तिथला ओटा तिचा. मला माझा सोडायचा नव्हता.

अशात एका सकाळी दारातली दुधाची पिशवी गायब. खिडकीतून पाहिलं तर गेटजवळ गायकवाड, हातात माझं दूध.

हे वरच्या मजल्यावरचे. वागळे इस्टेटमध्ये आयुष्यभर कॉम्प्रेसर दुरुस्त करून रिटायर झालेले, बायको गेल्यावर आंबिवलीहून इथे राहायला आलेले. कुणा म्हातारीची जड पिशवी मदत म्हणून कधी उचलणार नाहीत, उचलून देणाऱ्यालाही दटावतील. सोसायटीत त्यांना कुणी चांगलं म्हणत नसे.

"भाऊ, ते दूध वर आणा."

"तुम्ही खाली या, वहिनी. मशीन बंद ठेवलं की जाम होतं."

चार वेळा थांबत उतरले. द्यायच्या शिव्या तयार होत्या, पण द्यायला दम उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला रस्त्यावर चालायलाच लावलं.

"भरल्या वांग्यांची कृती सांगत चला," म्हणाले. "मध्ये श्वास घ्या, पण वाक्य तुटता कामा नये. तुटलं तर हळू व्हा. गाणं सुचायला लागलं तर वेग वाढवा."

पहिल्या दिवशी दाणे भाजेपर्यंतच पोचले. वांग्यांना चिरा देताना वाक्य तुटलं. गायकवाड गंभीरपणे म्हणाले, "उद्या मसाला भरू."

चालता चालता शिकवणी चालायची. "हृदय म्हणजे पंप, वहिनी. रोज चालवलात की जोर येतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो. मग उगाच धडधडत नाही. फुफ्फुसांचंही तसंच. छातीचे स्नायू कामाला लागले की तेवढ्याच जिन्याला कमी धाप."

"आणि माझे गुडघे?"

"ते माझ्या डिपार्टमेंटला येत नाहीत."

महिन्याभराने वांगी फोडणीत पडली. मग त्यांनी अळूवड्या घ्यायला लावल्या, कारण कृती लांब. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि विचारलं, "आजी, काय करता हल्ली?" म्हटलं, "स्वयंपाक." घड्याळ मी लेकाला परत केलं आणि सोफ्यावरचा पराक्रमही सांगून टाकला. त्याने घर विकायचं परत काढलं नाही.

एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिना चढले. अळूवड्या तळून, वर खोबरं पेरून झालं तेव्हा मी दारात होते. कुठेही टेकले नव्हते. मागून गायकवाड चढत होते.

मी म्हटलं, "आता तरी दूध दारात राहू द्या. इतका दुष्टपणा शिकलात कुठे?"

त्यांनी कठड्यावर हात ठेवला. हसले नाहीत.

"माझ्या मंदाला जिन्यात धाप लागायची, म्हणून मी सगळं वर आणून द्यायचो. दोन वर्षं. भाजी, देवाची फुलं, खालच्या बायकांच्या बातम्यासुद्धा. तिला खाली न्यायचं मात्र मला सुचलं नाही, वहिनी."