हिरामणआप्पांचा माल

हिरामणआप्पांच्या घरात माणसं जमिनीवर झोपायची आणि गांडुळं खाटेवर.

गांडुळं खरी नव्हेत, प्लॅस्टिकची. मासे धरायच्या गळाला लावतात ती. मऊ, लिबलिबीत, बोटात धरली की आपोआप शेपूट हलवणारी. आप्पा सुरतेत कतारगामला चपलांचे सोल बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. तिथे शेठचा कोणी हौशी पाहुणा परदेशातलं असलं एक गांडूळ घेऊन आला आणि "असं बनेल का?" असं सहज विचारून गेला. पाहुणा पुढे विसरला. आप्पा विसरले नाहीत. प्लास्टरचे साचे आले, स्टोव्ह आला, आणि कोसाडच्या आमच्या चाळीत आप्पांच्या खोलीतून उकळत्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला.

मी समोरच्या खोलीत राहायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. उधन्याला एका कापडाच्या कारखान्यात कारकून होतो, लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या घरात डोकावायला भरपूर वेळ होता.

खरी गंमत म्हणजे आप्पा माळकरी. मासळी कधी तोंडात घातली नाही की गळ कधी पाण्यात टाकला नाही. तापीच्या पुलावरून बस गेली की खिडकीतून हात जोडायचे, कारण हीच नदी खानदेशात त्यांच्या गावाजवळून वाहते. आणि घरी येऊन याच तापीतल्या माशांना फसवायची तयारी करायचे! मी एकदा हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "मी कोठे फसाडस? मी फक्त माल बनाडस."

माल! हा आप्पांचा लाडका शब्द. पावसाळ्यात मासे धरणारे हौशी लोक घरी बसत, दिवाळीनंतर शहरातल्या चौकातला गळ-दोरीचा दुकानदार माल उचलायचा. तोवर तो सांभाळायचा म्हणजे आप्पांच्या मते तान्हं बाळ सांभाळण्यासारखं होतं. लाल गांडुळं हिरव्यांजवळ ठेवायची नाहीत, रंग एकमेकांना लागतो. कडक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवायची नाहीत, डबीच विरघळते. माझी दाढीच्या साबणाची डबी याच शोधापायी कामी आली. म्हणून स्टीलची ताटं. ताटात पावडर शिंपडून प्रत्येक गांडूळ सरळ निजवायचं. "वाकडं निजनं का वाकडंच ऱ्हास," आप्पा बजावायचे. कोणी ताटाला धक्का लावला की ओरडायचे, "हळू, भाऊ! माल जित्ता शे!"

वर माशांना ओढ लागावी म्हणून बडीशेपेचा अर्क. त्यामुळे आप्पांच्या घरात पाऊल टाकलं की नुकतंच जेवण आटोपून विडा आणल्यासारखं वाटायचं.

हा सगळा कारभार पाहायची ती रेखा, आप्पांची एकुलती एक मुलगी. काकू फार लवकर गेल्या. आप्पांनीच तिची वेणी घातली, तिला शाळेत सोडलं, भाकरी थापायला शिकवलं. रेखा मोठी झाली तशी ती आप्पांना सांभाळू लागली. बापलेक समोरासमोर बसून ताटं लावत, आणि दिवसभराच्या साऱ्या गप्पा त्या ताटांवरच होत. आप्पा एरवी फारसं बोलणारे नव्हते. म्हणून रेखासाठी स्थळं येऊ लागली तेव्हा सगळी चाळ एकच गोष्ट बोलायची, पोरगी गेल्यावर या माणसाचं कसं होणार? आप्पांनाही तेच खात असावं. एका मुलाला त्यांनी तो फार हसतो म्हणून नकार दिला, दुसऱ्याला तो हसतच नाही म्हणून.

मग सुरतेजवळच्या सचिन नावाच्या गावातलं स्थळ आलं. मुलगा रंगाच्या कारखान्यात फिटर. त्याची आई आली होती, आणि खास धुळ्याहून मामा आले होते. मामा पहिल्यांदाच सुरतेत आलेले, आणि सुरतेला जाऊन खायचं असतं एवढंच ऐकून आलेले. रेखा आत चहा करत होती. मामांच्या शेजारी खाटेवर लालभडक, चकचकीत, बडीशेपेच्या वासाचं ताट. मामांनी दोन मिनिटं वाट पाहिली, कोणी आग्रह करेना, तेव्हा त्यांनी स्वतःच एक उचललं आणि तोंडात टाकलं.

मी आप्पांच्या बाजूने बसलो होतो. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. मामा चावत राहिले. थांबले, पुन्हा चावत राहिले. दुसऱ्याच्या घरी तोंडातला घास टाकायचा नाही हे खानदेशी वळण, त्यामुळे ते गालात धरून अदबीने म्हणाले, "सुरतनी मिठाई बेस शे. पन जराशी चिवट शे."

"दादा, थुका! तो माल शे!" आप्पा किंचाळले.

आतून रेखाचं हसू फुटलं. कपबशा वाजल्या. मुलगा खाली बघून खांदे हलवत होता. आप्पा हात जोडून उभे, आता मोडलंच असं समजून, आणि मला तर वाटलं की थोडेसे सुटल्यासारखेही. पण मुलाची आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आमना घरमा इतलं हासू कवयच व्हयनं नही. पोर आमले पसंत शे."

लग्न झालं. सुरतेचं एक टोक कोसाड, दुसरं टोक सचिन. शिवाय आप्पा जुन्या वळणाचे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, आणि कारणाशिवाय तिच्या दारात जायचं नाही. कारण कुठून आणणार? आप्पा एकटेच ताटं लावत बसायचे. मी गेलो की मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. फार वाईट वाटायचं मला.

एक दिवस आप्पांनी जाहीर केलं, "कोसाडले गरम व्हस. माल खराब व्हई. सचिनले गारवा शे."

सचिनला गारवा! जिथे रंगाच्या कारखान्यांच्या धुराड्यांखाली रस्त्यावरची कुत्रीही धापा टाकतात, तिथे! पण दोन रविवारांत निम्मा माल सचिनला रेखाच्या घरी पोहोचला, आणि दर रविवारी तो तपासायला जाणं आप्पांना भागच पडलं. मध्येच दुकानदाराने कळवलं की मुंबईहून तयार पाकिटं येतात, आता तुमचा माल नको. ही बातमी आप्पांनी मला इतक्या आनंदाने सांगितली की मी चक्रावलो. "म्हंजे आते पडीच ऱ्हाई," ते म्हणाले. "देखनंच पडी."

एका उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली, म्हणून पिशवी उचलायला मी बरोबर गेलो. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. आप्पांनी नमस्कार करून पिशवीतली आपली बाटली काढली. मग ताटं जमिनीवर मांडली गेली, एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला रेखा. आप्पा एकेक गांडूळ उचलत, पावडर लावत, परत ठेवत. मान खालीच.

"गरम व्हस का आठे?"

"व्हये. आते पंखा आनेल शे त्यास्नी."

"धक्का बिक्का कोनी लावस?"

"नही, आप्पा. सासूबाई मले झाडूबी मारू देतस नही आते."

आप्पांचा हात थांबला. त्यांनी रेखाकडे पाहिलं. ती लाजून पावडरीचा डबा शोधू लागली. मग आप्पांनी एकच गांडूळ कितीतरी वेळ पुसलं.

विहीणबाई दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. त्यांचा मुलगा कारखान्याच्या कामाने नेहमी त्याच चौकात जायचा, दुकानदार आता माल घेत नाही ही गोष्ट त्यांना नक्की ठाऊक होती. आम्ही निघालो तेव्हा त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "दादा, उन्हाळाना दिन शेतस. आठ दिनमा एकदाव देखीसन भागाव नही. बुधवारले बी येत जा. आमले काय समजस त्या मालमधलं?"

आप्पांनी मान हलवली. "हा बाई. बरोबर शे," एवढंच ते म्हणाले. बसमध्ये सगळा रस्ता खिडकीबाहेर पाहत होते.

बुधवारी कतारगामच्या कारखान्यातून एक पोऱ्या चौकशीला आला. इतक्या वर्षांत आप्पा पहिल्यांदाच न सांगता कामावर आले नव्हते, शेठ काळजीत होता. मी त्याला सांगितलं, माल बघायला गेलेत.