कवडूची दुसरी आई

नागपूरच्या कॉलेजातून आलेलं पत्र केशोराव मास्तरांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि गुन्हा केवळरामनंच केल्यासारखं त्याच्याकडं पाहिलं.

“काय लिवलं जी?” केवळरामचा जीव टांगणीला. थोरला मुलगा पतिराम गेल्या साली, १९४० मध्ये, तिथं शिकायला लागला होता. आता धाकट्या कवडूला जागा मिळणार की नाही, ते त्या कागदात होतं.

“ते विचारून राहिले, पतिराम एप्रिलातला, कवडू त्याच सालच्या जुलैतला. एका माउलीले तीन महिन्यांत दोन लेकरं कशी झाली?”

खरं तर ही करामत मास्तरांचीच. फुलचूर गावात जन्मतारीख कुणाच्याच घरी नसे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल सात वर्षांचं, हा मास्तरांचा कायदा. त्या दिवसातून सात वर्षं वजा केली की झाली जन्मतारीख! पतिरामचे हात आखूड, त्याला नवव्या वर्षी कान सापडला. कवडूचे वानरासारखे लांब, त्यानं तीनच महिन्यांनी, सहाव्या वर्षी धरला. दोघं एकाच वर्गात बसले. मॅट्रिकला कवडूनं एकदा गटांगळी खाल्ली, म्हणून तो वर्षभर मागं.

“मंग खरं सांगून टाका ना जी.”

“तारखा खोट्या म्हटल्या, त दोघांचीबी मॅट्रिक खोटी. अन् माही पेन्शन?” मास्तरांनी टाक उचलला. “केवळराम, तुले दोन बायका असत्या त भानगडच नव्हती.”

जे केवळरामला स्वप्नात झेपलं नसतं, ते मास्तरांनी सुवाच्य इंग्रजीत उरकलं. दुसऱ्या बायकोचं नाव ठेवलं जमुना. मग कौतुकानं ते उत्तर मराठीत मोठ्यांदा वाचून दाखवलं. शाळेमागच्या विहिरीवर तेव्हा निम्मं गाव पाणी भरत होतं.

तिसऱ्या दिवशी केवळरामच्या बायकोचा, धुरपताचा, भाऊ बकाराम काठी घेऊन हजर. त्यानं गोठा पाहिला, धानाच्या कोठीत डोकं घातलं.

“जवाई, कुठं ठेवली तिले?”

“कागदावर हाय भाऊ, नागपूरले!”

“नागपूरले ठेवली?” बकारामनं काठी उचलली. मास्तरांना बोलावून आणलं, तेव्हा कुठं ती खाली आली. पण धुरपताचं तोंड काही उघडलं नाही. ती भात वाढायची, तोही आपटून.

तेवढ्यात कॉलेजचं दुसरं पत्र आलं. दोन्ही मातांनी आपापला मुलगा आपलाच असल्याचं अंगठा उठवून कळवावं, मग जागा पक्की.

केवळराम कागद फडकवत म्हणाला, “आता जमुना कुठून आनू?”

“आना ती शाई इकडं,” चार दिवसांनी पहिल्यांदाच धुरपता बोलली. उजवा अंगठा तिनं पतिरामच्या कागदावर उठवला, डावा कवडूच्या. “हे घ्या. दोघी गुण्यागोविंदानं राहून राहिल्या म्हना.”

कवडूला जागा मिळाली. त्याला गोंदियाच्या स्टेशनवर गाडीत बसवून केवळराम दुपारी भुकेजून घरी आला, तर चूल थंड. धुरपता बाजेवर पाय पसरून सुपारी कातरत होती.

“अवो, सैपाक?”

“मी काऊन करू? माहा पोरगा त गेल्या सालीच लागला. आज जिचा लागला, तिले म्हना चूल पेटवाले.”

केवळरामनं रस्त्यावर कुणी नाही असं पाहून दार लोटलं, धोतर खोचलं आणि फुंकणी हाती घेतली. पहिल्याच धुरानं त्याचे डोळे भरून आले.

बाजेवरून आवाज आला, “जमुनाबाई, भात जरा मऊ होऊ द्या वो!”