ठेंबळ जिना

माझा थोरला घरात शब्द खर्च करत नाही. जेवताना मीठ हवं असलं तर नुसता बरणीकडे बघतो. त्याचे सगळे शब्द पेपरला जातात. तिथे तो रोजचं शब्दकोडं रचतो, आणि त्या जोरावर चारचौघांत विद्वान म्हणून मिरवतो.

त्याची पद्धत अशी, की मोठे शब्द आधी बसवायचे आणि कोपऱ्यात जी अक्षरं उरतील त्यांचं काहीतरी करायचं. एकदा उरलं ‘ठेंबळ’. दुसऱ्या कुणी कोपरा मोडून नव्याने रचला असता. यानं तो तसाच ठेवला आणि अर्थ दिला: जुन्या काळचे एक शिरस्त्राण.

"कुणाच्या डोक्यावर पाहिलंस?" मी विचारलं.

"आई, कोड्यात असं विचारत नसतात."

खरंच कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर छापून आलं, लोकांनी ताडून पाहिलं आणि आपलं बरोबर आलं म्हणून चहा घेतला. शब्द सोयीचा निघाला. अडलेल्या कोपऱ्यात वरचेवर लागू लागला. मात्र एकच अर्थ दोनदा छापायचा नाही, हा पेपरचा नियम. त्यामुळे ठेंबळ पुढे बोटीची मागची बाजू झाला, मग किंचित ओलसर झाला, मग मोडकळीस आलेले परंतु आदरणीय असा झाला.

"पुतण्यामुळे ज्ञानात भर पडते हो!" माझ्या जाऊबाई वरच्या मजल्यावरून ओरडून सांगायच्या. त्या रोज कोडं सोडवतात.

अशात आमच्या जिन्याचा कठडा तुटला. जाऊबाईंचे गुडघे साथ देत नाहीत. कठड्याशिवाय त्यांना उतरता येईना. त्यांचं जेवण टोपलीतून दोरीनं वर जाऊ लागलं. जिना सामाईक, म्हणून परवानगीशिवाय सुतार हात लावेना. मी नगरपालिकेच्या कचेरीत अर्ज केला.

तिथले साहेब कामाच्या वेळेत मन लावून कोडं सोडवतात. त्यांनी उत्तर दिलं: ‘सदर जिना ठेंबळ असल्याने दुरुस्तीस परवानगी देता येत नाही.’

"साहेब, म्हणजे काय?"

"बाई, शब्द प्रचलित आहे."

"असेल. अर्थ सांगा."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं पंख्याकडे पाहिलं. मग अर्थनिश्चिती समिती नेमण्यात आली.

समितीनं सखोल विचार केला. पहिल्या अर्थानं जिना डोक्यावर घालावा लागत होता. दुसऱ्या अर्थानं तो बंदर खात्याकडे जात होता. तिसऱ्यानं पुसून घ्यायला हवा होता, आणि चौथ्यानं त्याला खिळा ठोकणं म्हणजे त्याचा अपमान होता. एकमत होईना, म्हणून तज्ज्ञ बोलावण्याचं ठरलं. तज्ज्ञ म्हणजे आमचाच थोरला.

मी स्वतः त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली. "जाऊन एवढंच सांग, की हा शब्द मी मनानं बनवला. कठडा लागेल, काकू खाली येतील."

"असं कसं सांगू, आई? इतक्या लोकांचं बरोबर आलेलं उत्तर मी चुकीचं ठरवू?"

"आणि काकू?"

"काकूंचंही बरोबर आलं होतं."

त्यानं समितीला सांगितलं, की चारही अर्थ ग्राह्य आहेत. शिवाय पाचवाही एक आहे: ज्याबाबतचा निर्णय व्हायचा आहे असे. साहेब खुर्चीतून उठले. जिन्याचा निर्णय व्हायचा होताच. म्हणजे जिना ठेंबळ असल्याचं सिद्ध झालं. प्रकरण निकाली निघालं. समितीनं टाळ्या वाजवल्या, थोरल्याला शाल दिली.

शाल बघून जाऊबाईंनीही वरून टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, "पण मग मी उतरू कधी?"

थोरला शालीची घडी घालू लागला. मी त्याला जिन्याखाली उभं केलं आणि वर स्पष्ट ऐकू जाईल असं सुनावलं, "तू खोटारडा नाहीस रे. खोटं बोलायला आधी खरं काय याची फिकीर असावी लागते. पण तुला, त्या साहेबाला आणि तुझं कोडं सोडवून माना डोलावणाऱ्या झाडून सगळ्यांना ‘मला माहीत नाही’ म्हणण्यापेक्षा एक म्हातारी माडीवर अडकवून ठेवणं सोपं गेलं."