तिसरी तार आणि माहेरचा हंडा

सकाळपासून गिटारची तिसरी तार छेडून छेडून सूर्यभानची बोटं सोलून निघाली होती, पण आवाज मोजायच्या मीटरचा काटा काही ऐकेना. बाकीच्या पाच तारांना तो मुकाट्यानं पाचावर थांबे. तिसरी वाजली की टुणकन आठावर!

पाथर्डीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या गड्यानं स्पीकर आणि अँप्लिफायर एकाच पेटीत बसवले होते. ती ऐकायला आज नगरचे ऑर्केस्ट्रावाले गोरक्षनाथ मास्तर येणार होते. त्यांची अट एकच: आवाज सपाट पाहिजे, पेटीनं पदरचं काही घालायचं नाही. पेटी पसंत पडली तर नगरला कायमचं काम. नाहीतर दसऱ्यानंतर कोयता घेऊन उसाच्या फडात!

"काम मिळालं तर मी एकटाच जातो. तू आईपाशी राहा," असं त्यानं बायकोला आधीच बजावलं होतं.

"आवो, हंडा बोलतोय त्यो," कोपऱ्यातल्या रिकाम्या हंड्याकडं बोट दाखवत झुंबरबाई चुलीपासून म्हणाली.

"गप ए! सर्किटातलं तुला काय कळतंय?"

त्यानं स्क्रू पिळले, कंडेन्सर बदलले, तिसऱ्या तारेचा सूर पेटीतच दाबला. अखेर काटा पाचावर बसला, तेव्हा त्याला मीटरचा मुका घ्यावासा वाटला.

मास्तर आले, आणि नेमकी पाण्याची वेळ झाली म्हणून झुंबरबाई कोपऱ्यातला हंडा उचलून आडावर गेली. मास्तरांनी गिटार घेतली. पहिली, दुसरी झकास. तिसरी नुसती कण्हली.

"सूर्यभान, हिला जेवाय घातलं न्हाई का?"

सूर्यभानची नजर रिकाम्या कोपऱ्याकडं गेली. अरे देवा! बायकोचंच खरं होतं. घुमत होता हंडा, आणि शिक्षा झाली पेटीला. तो अनवाणीच आडाकडं पळाला.

"हंडा दे!"

"भरल्याबिगर? मागं पंधराजणी हायत!"

हंडा भरूनच आला. पण भरला हंडा कशाला बोलतोय? पाणी रांजणात ओतलं, हंडा जागेवर ठेवला. आणि सहाही तारा कशा एका मापात वाजल्या!

सगळं ऐकून मास्तर पोट धरून हसले.

"पेटी पुन्हा जुळवतो, मास्तर."

"हात लावू नगंस! पेटी पसंत. पन हंडा बी संगं पाहिजे."

"हंडा माझ्या आईनं दिलाय," झुंबरबाईनं पदर खोचला. "त्यो जाईल तिथं मी जानार."

चौथ्या दिवशी एस.टी.च्या टपावर पेटी चढली. आत खिडकीशी झुंबरबाई, मांडीवर हंडा. गाडी सुटल्यावर तिनं हंड्यावर टिचकी मारली.

"आता इचारा," ती म्हणाली, "सर्किटातलं मला काय कळतंय ते."